ठमावहिनीच्या पदराच्या गाठी

छत्तीस वर्षं मास्तरकी केली. कडक मास्तर होतो. अजूनही सापगावात माझ्या हातची छडी खाल्लेले आजोबा रस्त्यात भेटले की नकळत तळहात चोळतात. निरोप समारंभात मी छाती काढून सांगितलं होतं की, उभ्या आयुष्यात मी कुणाला चुकीचे गुण दिले नाहीत. टाळ्या पडल्या. ते साफ खोटं होतं. एका माणसाला मी चुकीचे गुण दिले होते, तेही पैकीच्या पैकी, आणि त्या गुणांनीच तिचा घात केला. ती माझी थोरली वहिनी, ठमाबाई.

काळूरामदादाशी लग्न होऊन ती सापगावात आली तेव्हा मी पाच वर्षांचा होतो. आई आदल्याच वर्षी गेली होती. वहिनी सोळा-सतरा वर्षांची असेल, खर्डीकडची, काळीसावळी, हाडापेरानं मजबूत. लग्नाची हळद उतरायच्या आत तिनं माझ्या डोक्यातल्या उवा काढायला घेतल्या. शहापूरच्या शाळेत पहिल्या दिवशी तिनंच मला नेऊन बसवलं आणि मास्तरांना बजावलं की पोरगं हुशार आहे पण हट्टी आहे, मारलंत तरी चालेल, उपाशी ठेवू नका. तिला स्वतःला अक्षराचा गंध नव्हता. मी मास्तर झालो तो तिच्या हट्टानं. एरवी दादानं मला केव्हाच नांगराला जुंपला असता.

अक्षर येत नसलं तरी वहिनीच्या डोक्याला तोड नव्हती, कारण ती धवलारीण होती. आमच्या लोकांत लग्न लागतं ते भटापेक्षा धवलारणीच्या तोंडून. मांडव घालण्यापासून हळद उतरेपर्यंत प्रत्येक विधीचा वेगळा धवला असतो, आणि तो गाणारी बाई पुढं असल्याशिवाय पान हलत नाही. गाणी पुष्कळ बायकांना येतात. खरं कसब वेगळं. प्रत्येक धवल्यात त्या घरातली नावं गुंफायची असतात. नवरा-नवरी, आईबाप, आजे-पणजे, मामा, आत्या, करवली. मेलेल्यांना बोलवायचं असतं, जित्यांना मान द्यायचा असतो, आणि दोघांची गल्लत करायची नसते. वहिनी मांडवात बसायची, घरातली म्हातारी एकदाच सगळी नावं सांगायची, आणि मग दोन दिवस वहिनीच्या तोंडून ती आपापल्या जागी पडत जायची. दुसऱ्यांदा तिनं कधी विचारलं नाही. शहापूरपासून मुरबाडपर्यंत तिला बोलावणी असत. बैलगाडी दारात येऊन उभी राहायची आणि वहिनी काष्टा मारून अशी चढून बसायची, की जणू मामलेदारच फिरतीवर निघाला.

१९५७ च्या भाद्रपदात तिला ताप भरला. दोन दिवस हिवताप समजून काढा दिला. तिसऱ्या दिवशी ती दादाला ओळखेना, मग झटके आले, दातखीळ बसली. शहापूरच्या दवाखान्यातल्या डॉक्टरांनी पाहताक्षणी तिला आगगाडीत घालून ठाण्याला पाठवायला लावलं. तिथं पाठीच्या कण्यातून पाणी काढून तपासलं आणि मेंदूला सूज आली आहे असं सांगितलं. जगेल असं कुणाला वाटत नव्हतं, पण ती जगली. दिवाळीला घरी आली तेव्हा अंगावर मांस नव्हतं, पण चालत होती, बोलत होती, सगळ्यांना नावानं हाक मारत होती. आम्ही खर्डीच्या देवीला कोंबडं कापलं आणि विषय संपवला.

शहापूरच्या डॉक्टरांनी मात्र संपवला नव्हता. तरुण माणूस, बोलायला मऊ. मला बाजूला घेऊन म्हणाले की, सूज उतरली तरी कधी कधी मागं काही उणं राहतं, आणि ते वरून दिसत नाही. तुम्ही घरातले शिकलेले. चार महिने नजर ठेवा, आठवण कशी आहे ते तपासा आणि मला लिहून कळवा. शिकलेले म्हटल्यावर मी फुगलो, हे काय सांगायला हवं?

नजर ठेवायची गरजच पडली नाही, इतकं ते समोर होतं. आमटीत मीठ दोनदा पडायचं, नाहीतर पडायचंच नाही. म्हशीला पेंड घातली का, हे ती तासात तीनदा विचारायची. शहापूरच्या बाजाराला गेली की सांगितलेल्या चार वस्तूंतली एक आणायची आणि उरलेल्यांच्या बदल्यात गप्पा. दुपारी दोन वाजता भुईवर आडवी व्हायची, जी पूर्वी उजेड असेतो बूड टेकत नव्हती. माझी बायको गीता तेव्हा पोटुशी होती आणि वहिनीचं निम्मं काम तिच्या अंगावर येत होतं. ती धुसफुसायची. दादा म्हणायचा, आजारपणात बसून खायची सवय लागली. आणखी एक गोष्ट दिसत होती. वहिनीच्या पदराला सतत गाठी असायच्या. कधी दोन, कधी चार. मी एकदा गमतीनं विचारलं की वहिनी, पदरात काय चणे बांधतेस? तिनं पदर ओढून घेतला आणि हसली नाही.

पौषात एका रविवारी दादा म्हणाला, एकदा काय तो निकाल लाव. मी ओटीवर बसलो, वहिनीला समोर बसवलं आणि परीक्षा घेतली. आता माझी परीक्षा म्हणजे काय? आमच्या वेळच्या शाळेत हुशारी म्हणजे पाठांतर. ज्याला कविता बिनचूक येते त्याचं डोकं ठीक, ज्याला येत नाही तो दगड. याच्या पलीकडं मला काही ठाऊक नव्हतं, आणि ठाऊक नाही हेही ठाऊक नव्हतं. मी तिला म्हटलं, वहिनी, मांडवाचा धवला म्हण.

तिनं म्हटला. मग हळदीचा म्हटला, मग तेलवणाचा. एक शब्द पडला नाही. कडव्यामागून कडवी येत होती, आवाजही तोच, भरदार. गीता दारात उभी राहून ऐकत होती. दादानं माझ्याकडं बघून मान हलवली, म्हणजे झालं तर, सोंग आहे सगळं. मीही मान हलवली.

गाणं संपल्यावर सगळे उठले. वहिनी उठली नाही. माझ्याकडं बघून हळूच म्हणाली, "रघू, जुनं समदं हाय रे. नवं राहात नाय. काय तरी गेलंय माजं."

आज कुणी मला विचारलं की तिच्या आजाराचं निदान पहिल्यांदा कुणी केलं, तर मी सांगेन, तिनं स्वतः. दहा-बारा शब्दांत केलं असेल. आणि मी काय केलं? हसलो. म्हटलं, काय नाय गेलं वहिनी, मन घट्ट कर, कामाला लाग. आणि त्याच दिवशी वळणदार अक्षरात डॉक्टरांना चिठ्ठी लिहिली. स्मरण उत्तम, शंभर कडवी बिनचूक म्हणते, थोडा अंगचोरपणा जाणवतो. खाली लफ्फेदार सही.

वैशाखात मुरबाडकडच्या एका गावाहून बोलावणं आलं. तिथल्या ताराबाईच्या मुलाचं लग्न होतं, दुसरं. पहिल्या लग्नालाही दोन वर्षांपूर्वी वहिनीच धवलारीण होती. ती पहिली सून हिरी, वहिनीच्या माहेरची, खर्डीची. कार्तिकात बाळंतपणात गेली. सासरी तिचे हाल झाले असं खर्डीचे लोक उघड बोलत. आता नवी सून यायची होती, देवकी नावाची. दुसरेपणाचं लग्न म्हणजे आधीच सगळ्यांच्या काळजात धाकधूक. पहिलीचा रुप्याचा टाक करून नवीच्या गळ्यात घालतात, तिला आधी नैवेद्य दाखवतात, सवतीनं रागावू नये म्हणून हात जोडतात.

वहिनी जायला तयार नव्हती. मला जमायचं नाय, एवढंच म्हणत होती. तिला उठवलं मी. ताराबाईचा दीर आमच्या शाळेच्या कमिटीवर होता आणि त्यानं मला शब्द टाकला होता. मी म्हटलं, शंभर कडवी म्हणणाऱ्या बाईला न जमायला काय झालं? आणि गाडीत तिच्या शेजारी जाऊन बसलो.

ताराबाईनं नावं सांगितली तेव्हा वहिनी पदराला गाठी मारत होती, एकेका नावाला एकेक. मी बघितलं. दुसऱ्या दिवशी सकाळी नवरानवरीला जोडीनं पाटावर बसवलं आणि वहिनीनं धवला धरला. तोच मांडव, तोच नवरा, तीच ताराबाई समोर. आजे-पणजे बरोबर आले, ते जुनेच होते. नवरीच्या नावाची जागा आली तेव्हा वहिनीचा हात पदरातल्या गाठीवर गेलेला मला दिसला.  आणि मग तिच्या तोंडून नाव आलं ते हिरीचं. एकदा नाही. धवल्यात नवरीचं नाव पाच वेळा येतं, ते पाचही वेळा हिरीचं आलं. हिरीला हळद, हिरीला बाशिंग, हिरी या घरची लक्ष्मी.

 देवकीनं पाटावर बसल्या जागी गळ्यातला टाक मुठीत धरला होता. ताराबाई रडत उठली. बायकांनी वहिनीला गप्प केलं, कुणीतरी तिच्या हातातलं तांदळाचं ताट काढून घेतलं. वहिनीला काय चुकलं तेच कळत नव्हतं. ती एकेकीच्या तोंडाकडं बघत होती.

ताराबाई माझ्यासमोर येऊन उभी राहिली. म्हातारी संतापली होती, पण न्यायाची होती, हे मी आज म्हणतो. तिनं सगळ्यांच्या देखत विचारलं, "मास्तर, हिला मागं मेंदूचा ताप आला व्हता म्हणत्यात. हिचं डोकं ठीक हाय का नाय, तेवडं सांगा."

एक शब्द पुरला असता. नाही. एवढं म्हटलं असतं तर वहिनी आजारी ठरली असती, लोक हळहळले असते आणि दुसऱ्या बाईनं धवला पुढं नेला असता. पण समोर शाळेची कमिटी, पाहुणे, चार गावचे पंच. माझ्या घरच्या बाईचं डोकं फिरलंय असं मी म्हणू? शिवाय माझी परीक्षा, माझी चिठ्ठी. मी म्हटलं, "तिचं डोकं उत्तम आहे. मी स्वतः तपासलंय."

ताराबाई म्हणाली, "मंग हिनं मुद्दाम केलं."

 मीच सगळी दारं लावून घेतली होती. माहेरच्या पोरीचा सूड घ्यायला धवलारणीनं मांडवात मेलेलीला बोलावलं, ही गोष्ट त्या दिवशी मुरबाडला गेली आणि आठवड्यात शहापूरच्या बाजारात पोचली. मास्तर स्वतः सांगतो डोकं ठीक आहे म्हणून, असं वर जोडून. आमच्या दारात पुन्हा बैलगाडी आली नाही. हळदीकुंकवाला वहिनीला वगळू लागले. पोटुशा बायका ती दिसली की वाट बदलत. ती विहिरीवर गेली की बाकीच्या बायका कळशा भरायच्या थांबत. दादा तिच्याशी बोलेनासा झाला. वहिनीनं गाणं सोडलं, जात्यावरसुद्धा.

पावसाळा संपता संपता माझ्या तान्ह्या मुलाला घेऊन मी दवाखान्यात गेलो. डॉक्टरांनी वहिनीची चौकशी केली. मी तोंड वाकडं करून सगळं सांगितलं. त्यांनी विचारलं, तुम्ही तपासलंत कसं? मी सांगितलं.  ते म्हणाले, उद्या त्यांना घेऊन या.

दुसऱ्या दिवशी त्यांनी वहिनीला खुर्चीत बसवलं, म्हशीची, भाताची विचारपूस केली, आणि मग म्हणाले की एका घरी लग्न आहे, तिथली पाच नावं सांगतो, लक्षात ठेवा. नावं साधी होती. वहिनीनं ती एकदा म्हणून दाखवली, बिनचूक. त्यांनी मग भलतंच बोलणं काढलं. बारा महिने उलटे म्हणायला लावले, त्यात ती आश्विनाशी अडकून पुन्हा फाल्गुनावर आली. दहा मिनिटांनी त्यांनी सहज विचारलं, मघाची नावं काय होती?

वहिनीनं मांडीवरचा पदर वर घेतला. त्याला पाच गाठी होत्या. तिनं त्या एकेक करून चाचपल्या, पुन्हा चाचपल्या. मग म्हणाली, "पाच हायती. कोन कोन ते नाय."

मी खिडकीबाहेर बघू लागलो. माझ्याच्यानं तिच्याकडं बघवेना. दहा-अकरा महिने त्या गाठी माझ्या डोळ्यांसमोर होत्या आणि मी चण्यांची थट्टा केली होती.

डॉक्टरांनी समजावून सांगितलं. जुनं घट्ट बसलेलं सगळं शाबूत आहे, नवं मात्र आत टिकत नाही, रोज रोज घोकलं गेलं तर तेवढंच राहतं. थकवा लवकर येतो, दोन गोष्टी एकदम धरता येत नाहीत. उणं थोडंच आहे, म्हणून तर कुणाला दिसलं नाही. हे वेड नाही, आळस नाही, आणि वाढणारही नाही बहुतेक. माझ्याकडं वळून ते एवढंच म्हणाले, "मास्तर, तुम्ही त्यांना येतं तेच विचारलंत." रागावले असते तर बरं झालं असतं.

वहिनीनं त्यांना एकच विचारलं, "म्हंजे मी लबाड नाय ना?" नाही म्हटल्यावर तिनं डोळ्यांना पदर लावला. मग माझ्याकडं वळून म्हणाली, मुरबाडला जाऊन ताराबाईला सांग. डॉक्टरांनी त्यासाठी कागद लिहून दिला, सही-शिक्क्यासह. वहिनीनं लगेच पदराला गाठ मारली, मोठी, दुहेरी.

मी गेलो नाही. कारणं पुष्कळ सांगता येतील, खरं कारण लाज. ज्या मांडवात मी छाती काढून बोललो तिथं जाऊन, मी गाढव आहे, असं सांगायचं होतं. त्याच साली मला हेडमास्तर करायचं कमिटीत चाललं होतं. दादाला मात्र मी कागद वाचून दाखवला. तो गडी बदलला, म्हशीची पेंडसुद्धा तो स्वतः घालू लागला. पण गावाच्या लेखी वहिनी होती तिथंच राहिली. कागद माझ्या पेटीत.

वहिनी रोज विचारायची. लुगडं बदललं की ती दुहेरी गाठ आधी मारून घ्यायची. तिच्या हाताला गाठ लागायची, ती जरा आठवायची आणि विचारायची, रघू, ताराबाईकडं जाऊन आलास का? मी म्हणायचो, उद्या जातो. तिला कालचं उद्या आठवायचं नाही, त्यामुळं माझं उद्या कधी शिळं झालं नाही. असं दोन वर्षं चाललं. हे लिहिताना माझी मलाच किळस येते.

एकदा शाळेत तपासणी होती, मी घाईत होतो, डोकं तापलेलं. तिनं विचारलं आणि मी म्हटलं, हो, जाऊन आलो, सांगितलं सगळं.

तिचा चेहरा असा उजळला की मी जागचा हललो नाही. तिनं उंबऱ्यावर बसून ती दुहेरी गाठ सोडली. घट्ट बसली होती, सुटत नव्हती, तिनं दातांनी सोडली. मग सुरकुतलेला पदर तळहातानं सारखा केला. त्यानंतर तिनं मला पुन्हा कधीच विचारलं नाही. विचारायला लावणारी गाठच राहिली नव्हती.

१९६४ साली शहापुरात एक लग्न होतं. वहिनी आपण होऊन निघाली, नवं लुगडं नेसून, कारण तिच्या मनानं आता सगळं मिटलं होतं. मी अडवायला हवं होतं. कोणत्या तोंडानं अडवणार? मांडवात ताराबाई होती. वहिनी सरळ तिच्याकडं गेली, हसून विचारपूस करू लागली. ताराबाईनं तोंड फिरवलं, शेजारी बसलेल्या देवकीला उठवलं, तिच्या कडेवरचं मूल पदराखाली झाकलं आणि दुसऱ्या कोपऱ्यात जाऊन बसली. बाकीच्या बायकाही सरकल्या. मधल्या मोकळ्या चटईवर वहिनी एकटी उभी राहिली.

ती माझ्याकडं आली. "ताराबाईला सांगितलं व्हतंस ना रे?"

मी म्हटलं, हो.

तिनं जरा विचार केला आणि मलाच समजावल्यासारखं म्हणाली, "मंग इसरली आसंल. व्हतं मानसाला तसं."

दुसऱ्या दिवशी सकाळी पेटीतला कागद घेऊन मी मुरबाडची वाट धरली. सहा वर्षं उशिरा. ताराबाईच्या ओटीवर चार माणसं बोलावून कागद वाचला आणि माझं जे काही होतं तेही सांगितलं, चिठ्ठी, मांडवातला शब्द, सगळं. म्हातारीनं ऐकून घेतलं. ती म्हणाली, तवाच बोलला असतास तर मीच तिला घरी पोचवली असती. बाकी काही नाही. चार दिवसांनी ती देवकीला घेऊन सापगावात आली, नारळ-खण घेऊन, आणि गाव बघत असताना तिनं वहिनीची ओटी भरली. देवकीनं मूल तिच्या मांडीवर ठेवलं.

त्या गेल्यावर वहिनी मला म्हणाली, येवढा मान कशापायी रे? तेव्हा मी तिच्यासमोर खाली बसलो आणि सांगितलं. मी गेलोच नव्हतो. तुला खोटं सांगून गाठ सोडायला लावली. तू म्हणत होतीस तेव्हा मी हसलो. सगळं सांगितलं. ती ओटीतल्या नारळाची शेंडी चाचपत ऐकत होती. माझं संपलं तेव्हा सवयीनं तिच्या हातात पदराचं टोक आलं होतं. तिनं ते धरलं, माझ्याकडं बघितलं आणि सोडून दिलं.

"याची नाय मारीत गाठ," ती म्हणाली.

सकाळी ती नेहमीसारखी चहा घेऊन आली आणि विचारलं, रघू, हा नारळ कुनी आणला रे? चहात साखर दोनदा पडली होती. मी तो पिऊन टाकला.